आजीला रंग दिला आणि आजीच हरवली

पत्र : नमस्कार. नोकरी सांभाळून मी टॅब्लेटवर, क्रिता या चित्रं रंगवायच्या ॲपमध्ये, व्यक्तिचित्रं करते. शाळेतल्या चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेपासून पेन्सिल शेडिंगचा हात आहे, म्हणून आधी सगळं करड्या छटांत रंगवून घेते. तिथपर्यंत चित्र झकास होतं. मैत्रिणी 'फोटोच वाटतो' म्हणतात. मग वर कलर मोडचा लेयर घेऊन त्वचेचा रंग भरला की चेहरा शाडूच्या मूर्तीवर एकच हात मारल्यासारखा दिसतो. मल्टिप्लाय केलं तर मळकट, ओव्हरले केलं तर भडक. सध्या आजीचं चित्र करतेय, १९६२ साली स्टुडिओत काढलेल्या कृष्णधवल फोटोवरून. बाबांच्या पंचाहत्तरीला ते फ्रेम करून द्यायचं आहे. लुगड्याचा रंग कुणालाच आठवत नाही. त्वचेसाठी नेमका कोणता मोड वापरायचा? की ग्रेस्केलचा नादच सोडून देऊ?
— करड्यात अडकलेली, सांगली

ताई, मोडचा, म्हणजे वरचा लेयर (थर) खालच्यात कसा मिसळायचा याचा, प्रश्न आधी निकालात काढू. त्वचेसाठी नेमका असा मोड कुठलाच नाही. कलर, मल्टिप्लाय, ओव्हरले, सॉफ्ट लाइट असं सगळं फिरून आलेल्या माणसाला वाटत राहतं की अजून एखादा राहिला असेल, तो सापडला की झालं. तसं होत नाही. आख्ख्या चेहऱ्याला एकच रंग देता, तिथे तुमचं अडलंय. आणि थोडं त्या खालच्या करड्या चित्रातही, ज्याचं सगळे कौतुक करतात.

मूर्तीची उपमा मात्र मूर्तिकारांवर अन्याय करणारी आहे बरं का. पेणच्या एखाद्या कारखान्यात जाऊन बघा. अंगाचा रंग मारून झाला की गालांवर, कानापाशी, बोटांच्या बेचक्यांत, पोटाच्या वळीत जरा गडद छटेचा स्प्रे फिरतो आणि मग मूर्तीला उठाव येतो. तुमच्या चेहऱ्यात नेमकं तेवढंच राहून गेलंय.

कलर मोड करतो काय, तर वरच्या लेयरमधून ह्यू (रंग कोणता) आणि सॅच्युरेशन (तो किती दाट) उचलतो आणि उजेड-अंधार खालच्या लेयरचा ठेवतो. उजेड मोजताना तो तिन्ही रंगांना सारखं वजन देत नाही. हिरव्याला ५९ टक्के, लालला ३०, निळ्याला ११. आपल्या डोळ्यालाही हिरवा सगळ्यात उजळ आणि निळा सगळ्यात गडद वाटतो, म्हणून ही वाटणी. (क्रितामध्ये 'कलर' नावाचे बरेच मोड दिसतील. एचएसव्ही, एचएसएल अशी शेपटी लागलेले सोडा आणि साधा 'कलर' घ्या. बाकीचे तुम्ही मेहनतीने जमवलेले टोन, म्हणजे उजेड-अंधाराच्या पायऱ्या, हलवतात.) आता एक गव्हाळ रंग घेऊन तो कपाळापासून हनुवटीपर्यंत फासला, की कपाळावरच्या उजेडात आणि मानेखालच्या अंधारात रंग तोच राहतो, फक्त पांढरं-काळं कमीजास्त होतं. खऱ्या कातडीत असं कुठेच घडत नाही. त्यात शुद्ध पांढऱ्यावर आणि शुद्ध काळ्यावर कलर मोडचं काही चालत नाही, त्यामुळे चमक पांढरीफटक आणि सावली काळीकुट्ट राहते. मल्टिप्लायला फक्त गडद करता येतं. करड्यावर रंग गुणला की उजेडाची जागाच उरत नाही, तुमचा मळकटपणा तिथून येतो. ओव्हरले मधल्या छटांचा काँट्रास्ट ताणतो, म्हणून भडक. तिघेही आपापलं काम चोख करतायत, फक्त तुम्हाला हवं ते काम त्यांच्याकडे नाही.

कातडीकडे जरा सावकाश बघू, कारण खरी गंमत तिथे आहे. वरच्या थरात मेलॅनिन, त्याखाली रक्त. उजेड कातडीवर पडला की सगळाच वरून परत फिरत नाही. काही आत शिरतो, पसरतो आणि थोडं पलीकडून बाहेर येतो, आणि त्या प्रवासात लाल सगळ्यात जास्त टिकतो. सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर यांचं दिवा हातात धरलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्याची छापील प्रत तुम्हीही कधीतरी पाहिली असेल. ज्योतीला आडोसा धरलेल्या हाताची बोटं आठवा. त्यांच्या कडा आतून लाल पेटलेल्या आहेत. चेहऱ्यावर हेच फार हळू आवाजात चालू असतं. उजेड संपून सावली सुरू होते त्या अरुंद पट्ट्यात, नाकपुडीच्या कडेला, कानाच्या पाळीत रंग सगळ्यात दाट होतो आणि लालकडे झुकतो. एवढा एक पट्टा नीट आला तरी चेहऱ्यात रक्त आहे असं वाटायला लागतं.

दुसरं असं की कातडी गोरी असो, गव्हाळ असो की सावळी, ती नारिंगीच्याच कुळातली. चित्रपटांचं कलर ग्रेडिंग करणाऱ्यांकडे वेक्टरस्कोप नावाचा आलेख असतो, त्यावर त्वचेसाठी एक तिरकी रेघ असते. जगात कुठल्याही माणसाची कातडी त्या रेघेच्या आसपासच पडते. ह्यूचा फरक थोडा, गडदपणाचा आणि दाटपणाचा जास्त. तेव्हा 'भारतीय त्वचेचा कलर कोड' शोधण्यात वेळ घालवू नका. हवं तर सुरुवातीला एवढं धरा: उजेडातल्या भागाचा ह्यू रंगचक्रावर ३० अंशांच्या आसपास आणि सॅच्युरेशन शंभरात ४० च्या घरात, मधल्या छटेत ह्यू २० ते २५, सॅच्युरेशन ५५ ते ६५, सावलीच्या काठावर ह्यू आणखी उतरून १२-१५. सावलीच्या पोटात सॅच्युरेशन परत कमी होतं आणि भोवतालचा रंग आत शिरतो. चमकेवर सॅच्युरेशन १०-१५ पुरे, कारण चमक कातडीची नसतेच, समोरच्या खिडकीची किंवा दिव्याची असते. सावळ्या चेहऱ्यावर ही चमक जास्त ठळक दिसते, आणि उघड्यावर बसलेल्या माणसाच्या चमकेत आभाळाचा निळा सरळ येतो. हे आकडे दोन-तीन चेहऱ्यांपुरते वापरा आणि मग विसरा.

चेहऱ्याचे आडवे तीन पट्टे असतात असं तुम्ही व्हिडिओंमध्ये ऐकलं असेल: कपाळ पिवळट, गाल-नाक-कान लालसर, जबडा थंड आणि निळसर. युरोपीय व्यक्तिचित्रणातली ही जुनी शिकवण आहे आणि चांगली आहे, पण आपल्या चेहऱ्यांना ती जशीच्या तशी लावली की पात्र परदेशी दिसायला लागतं. आपल्याकडे कपाळ आणि कानशिलं बहुतेकदा गालांपेक्षा गडद असतात. डोळ्यांभोवती जांभळट तपकिरी असतो. वरचा ओठ खालच्यापेक्षा गडद, कधी कधी जवळजवळ कातडीच्याच रंगाचा. गालातला लाल असतो, पण विटकरी म्हणून दिसतो, गुलाबी म्हणून नाही. तुमच्या आजीच्या कपाळावर किंवा हनुवटीवर गोंदण असेल तर ते काळ्याने काढू नका. काळा रंग कातडीखाली गेला की निळसर-हिरवा दिसतो. वरची कातडी निळा उजेड विखरून परत पाठवते, आत गेलेला लाल त्या काळ्यात गडप होतो. पुरुषांची दाढीची जागा निळसर दिसते ती याच कारणाने.

आणि एक विनंती. रंग देताना आजीला गोरी करू नका. त्या काळी स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या पुसत आणि चेहरा उजळत. ते उजळपण खरं मानून त्यावर फिकट रंग चढवला, तर बाबा चित्राकडे बघून छान म्हणतील आणि गप्प बसतील. बाबांना, आत्याला विचारा, आजी कुणासारखी होती. नात्यातल्या एखाद्या माणसाची कातडी जुळत असेल, तर त्यांना खिडकीपाशी बसवून रंग बघून घ्या. जुन्या फोटोपेक्षा तो दाखला भरवशाचा.

आता त्या कौतुकाच्या करड्या चित्राकडे वळू. करड्यात काम करताना रंग हाताशी नसतो, म्हणून वेगळेपणा दाखवायला आपण गडदपणा वापरतो. ओठ वेगळे दिसावेत म्हणून ते गडद करतो, गालाला उठाव यावा म्हणून त्याखाली सावली ओढतो, कुंकू तर काळंच करतो. चित्र करड्यातच संपणार असेल तर हे अगदी बरोबर. पण वर रंग येणार असेल तर तेच काम दोनदा होतं. ओठ गडदही आणि लालही, म्हणजे लिपस्टिक. गालाखाली सावलीही आणि विटकरीही, म्हणजे मार बसल्यासारखा गाल. रंग चढवायचं चित्र पेन्सिल शेडिंगपेक्षा मवाळ हवं. काळा शून्य आणि पांढरा १०० धरला तर १५ च्या खाली आणि ८५ च्या वर जाऊच नका. टोकाचे गडद आणि टोकाची चमक शेवटी, रंगातच द्यायची. झालेलं चित्र मवाळ करणं जिवावर येईल, ठाऊक आहे. फाइलची एक प्रत बाजूला ठेवा आणि दुसरीला लेव्हल्समध्ये (काळ्या-पांढऱ्याची टोकं सरकवायचं साधन) दोन्ही बाजूंनी चेपा.

खालचं चित्र करडंच हवं असंही कुठे लिहिलेलं नाही. चौदाव्या शतकातले इटालियन चित्रकार चेहऱ्याखाली हिरव्या मातीच्या रंगाचा थर देत आणि त्यावर गुलाबी चढवत. वरचा थर झिजलेल्या फळ्यांवर ते चेहरे आज चक्क हिरवे दिसतात. तुमच्या कामासाठी कोमट तपकिरी बरा. कलर बॅलन्सने सगळं चित्र तपकिरीकडे ढकला. मग वरचा रंग जिथे पातळ राहील तिथे खालून राखाडी डोकावणार नाही.

त्यावर ग्रेडियंट मॅप लावा. क्रितामध्ये तो फिल्टर लेयर म्हणून मिळतो, त्यामुळे नंतर बदलता येतो. प्रत्येक टोनला एक रंग नेमून द्यायचा: सगळ्यात गडदला तांबूस काळपट, त्याच्या वर दाट विटकरी, मग गव्हाळ, मग फिकट पिवळट, आणि टोकाला जवळजवळ रंगहीन. अपारदर्शकता ६०-७० टक्के ठेवा. एवढ्यानेच तुमच्या अर्ध्या तक्रारी मिटतील, कारण रंग आता गडदपणाबरोबर बदलायला लागतो. उरतं ते हे, की सारख्या टोनच्या दोन जागांना मॅप सारखाच रंग देतो, मग ती कानाची पाळी असो की गळ्याची घडी. त्यासाठी वर एक कलर मोडचा लेयर घ्या (हो, तोच) आणि मोठ्या मऊ ब्रशने, १५-२० टक्क्यांच्या हलक्या हाताने डाग टाकत जा. कानावर, नाकाच्या शेंड्यावर लाल. डोळ्यांभोवती जांभळट. कपाळावर जरा तपकिरी. हनुवटीच्या खालच्या बाजूला लुगड्याचा रंग, कारण छातीवरच्या कापडाचा उजेड तिथे परत उसळतो.

आणि मग हे सगळे लेयर एकत्र करून टाका. प्रत ठेवलेली आहे, घाबरू नका. लेयर शाबूत राहिले की हात पुन्हा पुन्हा मोडच्या यादीकडे जातो. आता नवा लेयर, साधा नॉर्मल मोड, जरा कडक ब्रश, आणि रंगवायला बसा. चित्रातूनच आयड्रॉपरने रंग उचला, तो एक पाऊल इकडे-तिकडे सरकवा आणि वरून अपारदर्शक हात मारा. डोळ्याच्या कोपऱ्यातला ओलसर गुलाबी, पापणीची जाडी, ओठांची कड जिथे कातडीत विरते ती जागा, केसांच्या मुळाशी डोक्याची कातडी दिसते तिथे दोघांच्या मधला रंग. हे कुठल्याही मोडने येत नाही, हातानेच येतं. बहुतेक जण या पायरीआधी थांबतात. करडं चित्र झाकलं जाईल, साम्य जाईल, अशी धास्ती असते. थोडं जाईलही, आणि परत आणावं लागेल. एकूण वेळातला निम्मा वेळ इथे जायला हवा असं माझं मत आहे, आणि त्यावर मी वाद घालायलाही तयार आहे.

यात आपली परंपराही तुमच्या बाजूने आहे. एकोणिसाव्या शतकात फोटो हाताने रंगवण्याची चाल सगळीकडे होती. युरोपात बहुधा पारदर्शक रंगाचा हलका हात देऊन खालचा फोटो दिसू देत. आपल्याकडचे चित्रकार, विशेषतः संस्थानिकांची चित्रं करताना, जाड अपारदर्शक रंग वापरत. कित्येकदा चेहरा तेवढा फोटोचा उरे, बाकी अंगरखा, दागिने, गालिचा, मागचा पडदा सगळं रंगाखाली जाई. खालचा फोटो त्यांना मोजमापापुरता लागे. तुम्हीही करड्या चित्राकडे त्याच नजरेने बघा.

टोन बिघडतायत का, हे तपासायला सगळ्यात वर काळ्या रंगाने भरलेला एक लेयर कलर मोडमध्ये ठेवा. तो चालू केला की चित्र करडं दिसेल, बंद केला की रंगीत. दर दहा-पंधरा मिनिटांनी एकदा बघा, सतत नको. आणि टॅब्लेटवरचा नाइट लाइट किंवा आय कम्फर्ट बंद आहे ना? संध्याकाळी तो आपोआप चालू होतो, स्क्रीन पिवळी पडते, आणि आपण नकळत निळा वाढवत राहतो.

लुगड्याचं बोलू. कृष्णधवल फोटोतून रंग परत काढता येत नाही. डाळिंबी आणि गडद हिरवा एकाच करड्यात पडू शकतात. १९६२ च्या फिल्मने निदान सगळे रंग पाहिलेले असण्याची शक्यता मोठी. पुढे कधी पणजीचा १९२० च्या आधीचा फोटो घ्याल तर जपून. तेव्हाच्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटला लाल दिसतच नसे. त्यामुळे कुंकू आणि ओठ काळे, लालसर कातडी खरी होती त्याहून गडद, आणि निळं कापड मात्र जवळजवळ पांढरं. अशा फोटोच्या टोनवर कलर मोड लावणं म्हणजे चुकीच्या पायावर भिंत.

रंग दिसत नसला तरी विणकाम दिसतं. भिंग घेऊन काठ आणि पदर बघा. तुमच्या सांगली भागात इरकल भरपूर नेसलं जायचं. पदरावर इरकलचा ठरलेला टोपतेनी नमुना ओळखता आला, तर पदर लाल-पांढरा धरायला हरकत नाही. अंग काळंभोर दिसत असेल तर चंद्रकळा असू शकते, मग काठ बहुधा लाल. यातलं काहीच कळलं नाही तर आजीच्या पिढीत त्या भागात जे नेसलं जायचं त्यातला एक रंग निवडा, पण निवडताना चेहऱ्याकडे बघा. हिरवं लुगडं शेजारी आलं की कातडीतला लाल आपोआप उठतो. तुम्हाला तो वेगळा वाढवावा लागत नाही. एआयवाल्या स्वयंचलित रंगाऱ्यांना विचारलंत तर ते बहुधा कुठलातरी मधला, फिका, कुणाला न खटकणारा रंग देतील. त्यांच्याकडून अंदाज घ्यायला हरकत नाही, पण त्यांना आजी माहीत नाही.

ग्रेस्केल सोडू का, या प्रश्नाला माझं उत्तर: आजीच्या चित्रापुरतं नको. हात बसलेला आहे, साम्य तिथे पक्कं होतं. पण शेजारी रोज एक छोटा चेहरा थेट रंगात करा, तळहाताएवढा, चारच रंग, मोठा ब्रश, अर्ध्या तासात बंद. ओळखू आला नाही तरी चालेल. गडदपणा आणि रंग एकाच फटक्यात ठरवायची सवय तिथे लागते, आणि मग करड्या चित्रावर रंग चढवतानाही हात थबकत नाही.

शेवटी प्रिंट. ए-फोर आकारासाठी ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) कॅनव्हास २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतो. तुमचा लहान असेल तर तो नॉर्मल लेयरच्या आधी वाढवा. नंतर वाढवला तर तुमचे ब्रशचे फटकारे मऊ पडतील. स्क्रीन स्वतः उजळते, कागद उजळत नाही, म्हणून छापल्यावर चित्र गडद वाटतं आणि सावल्या एकमेकींत मिसळतात. सावल्यांना थोडं वर उचललेली एक वेगळी प्रत छपाईसाठी करा. मोठ्या प्रिंटच्या आधी लॅबमधून पोस्टकार्डाएवढी एक चाचणी प्रिंट काढा, मॅट कागदावर, आणि ती ट्यूबलाइटखाली न बघता दिवसा खिडकीपाशी बघा. चेहरा नारिंगी आला असेल तर सॅच्युरेशन सगळीकडे कमी करू नका, फक्त उजेडातल्या भागांचं करा.